लेस्किनेन, युइसे

(१९ फेब्रुवारी १९५० – २४ नोव्हेंबर २००६). फिनिश रॉक गायक, गीतकार व कवी. जन्म पूर्व फिनलंडमधील साव्हो प्रदेशातील युआनकोस्की येथे. भाषांतराच्या शिक्षणासाठी तो ताम्पेरे या औद्योगिक शहरात आला आणि तेथेच मिको अलातालो व इतर सहकाऱ्यांसह ‘कॉइटस इंट’ या वाद्यवृंदातून त्याने कारकिर्दीस प्रारंभ केला. या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये लव्ह रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केली. पुढे ‘स्लॅम’ आणि १९८० च्या दशकात ‘ग्रँड स्लॅम’ हे वृंद त्याने उभे केले. ‘व्हीदेस्तोइस्ता यो’ (पंधरावी रात्र, १९८०) हे त्याचे सर्वपरिचित गीत होय.

ताम्पेरेतील कापडगिरण्यांमुळे त्या शहरास ‘फिनलंडचे मँचेस्टर’ म्हणत व त्याच्या ‘मान्से’ या टोपणनावावरून तेथील रॉक संगीतास ‘मान्सेरॉक’ ही संज्ञा रूढ झाली. ‘पोपेदा’ आणि जवळच्या युलोयार्वीचा ‘एप्पू नॉर्माली’ हे वृंदही याच प्रवाहातील होत. रॉक संगीत मुख्यत्वे इंग्रजीतून गायिले जात असताना बोलीभाषेची लय, श्लेष आणि सामाजिक उपरोध यांच्या बळावर फिनिश भाषा या संगीतप्रकारास पूर्णपणे पेलते, हे लेस्किनेनने सिद्ध केले आणि राजधानी हेलसिंकीपासून दूर असलेल्या प्रादेशिक शहरातूनही राष्ट्रीय संस्कृतीस वळण देता येते, हे दाखवून दिले. सोनेत्तेया लाउमाल्ले (१९७५) हा त्याचा सुनीतसंग्रह. ताम्पेरे येथे तो निधन पावला.