दारणेच्या काठाने, दोन चाकांवर

थळ घाटाची चढण संपवून इगतपुरीच्या पुढे आलेला मुंबई-आग्रा रस्ता जिथे खऱ्या अर्थाने देशावर येतो, तिथे घोटी हे भाताच्या व्यापारावर वाढलेले बाजारगाव आहे. दक्षिणेला कळसूबाई, अलंग, मदन आणि कुलंग यांची रांग क्षितिज अडवून उभी आहे. त्याच कुलंगच्या उत्तर उतारावर उगम पावलेली दारणा या मुलखातून वळणे घेत पूर्वेकडे जाते, आणि नांदगाव, भगूर, देवळाली, चेहेडी या गावांची शिवारे भिजवीत अखेर निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते. भातकापणी उरकून खाचरांत नुसते खुंट उरलेले असतात आणि हवेत गारवा आलेला असतो, अशा दिवसांत नाशिकचे सायकलस्वार पहाटेच या खोऱ्याची वाट धरतात. घोटीहून निघून दारणेच्या जलाशयाकाठी जावे, तिथे मनसोक्त थांबावे, मग नदी आणि लोहमार्ग यांच्या संगतीने लहवितवरून भगूरपर्यंत उतरावे आणि उन्हे कलण्याच्या आत देवळालीला पोहोचावे, इतका हा प्रवास आटोपशीर व सुखाचा आहे. परंतु ज्या वाटेवर आज आपण केवळ आनंदासाठी चाक फिरवितो, ती वाट आनंदासाठी पडलेली नव्हती. तिच्यावरून शतकानुशतके कोणा ना कोणाचे ओझे गेलेले आहे, आणि सायकलसुद्धा या खोऱ्यात प्रथम रुजली ती ओझे वाहण्याच्या कामीच. हा पूर्वेतिहास जाणल्यावाचून ज्याने इथला दिवस घालविला, त्याने तो अर्धाच पाहिला असे मला वाटते.

सोपारा आणि कल्याण ही बंदरे एकीकडे व गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर दुसरीकडे, यांना जोडणारी व्यापारी वाट सातवाहनांच्या काळापासून सह्याद्रीच्या याच भागातील खिंडींतून चढत असे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा जो सुप्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी प्रवाशांसाठी निवारे बांधल्याची, आणि तापी, दमणा, पारादा इत्यादी नद्यांवर नावेतून विनामूल्य उतार ठेवल्याची नोंद आहे. वाटसरूला नदीकाठी अडकून पडावे लागू नये व पैलतीर गाठण्यासाठी त्याच्या कनवटीला हात घालावा लागू नये, ही गोष्ट दगडात कोरून ठेवण्याइतकी मोलाची वाटणारा अधिकारी या प्रदेशाच्या इतिहासाच्या आरंभीच होऊन गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे राज्ये बदलली, वाट तीच राहिली. घोटीपासून जवळच असलेला कावनईचा किल्ला मोगलांनी बांधलेला. उदगीरच्या लढाईनंतर, 1760 साली, निजामाने तो पेशव्यांच्या स्वाधीन केला, आणि 1818 साली त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर आसपासच्या किल्ल्यांबरोबर तोही इंग्रजांकडे गेला. या किल्ल्यांचे प्रयोजन घाटवाटांवर नजर ठेवण्याचे होते. कारण मुलखाचे उत्पन्न आणि लष्कराची रसद या दोन्ही गोष्टी वाटेच्या बंदोबस्तावर अवलंबून असत. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे घाटावरचे धान्य खाली कोकणात नेत आणि परत येताना मीठ, नारळ व सुकी मासळी वर आणीत. बैलाच्या पावलाने चालणारा हा व्यापार मंद होता, पण त्याला मुक्काम लागत, आणि मुक्कामामुळेच पाणवठे, देवळे, धर्मशाळा व आठवडे बाजार यांना जीव मिळे.

1 जानेवारी 1865 रोजी कसारा ते इगतपुरी हा घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि या मंद व्यापाराचा कणाच मोडला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने सदतिसास एक इतक्या तीव्र चढावर, बोगदे खोदून आणि एहेगावच्या दरीवर उंच पूल उभारून नेलेला हा मार्ग तत्कालीन स्थापत्यशास्त्राचे भूषण मानला जात असे. घाटमाथ्यावर आल्यावर रुळांनीही दारणेच्या खोऱ्याचीच वाट पत्करली. घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली ही स्थानकांची ओळ पाहिली की ही गोष्ट आपोआप उमगते. तांडे नाहीसे झाले, आणि घोटीच्या भाताला रेल्वेने दूरची पेठ मिळाली. गावात भाताच्या गिरण्यांचा जो पसारा पुढे उभा राहिला, त्याच्या मुळाशी पाऊस आहे तितकाच हा लोहमार्गही आहे.

तथापि या खोऱ्याचे रूप सर्वांत अधिक पालटले ते रस्त्याने किंवा रेल्वेने नव्हे, पाण्याने. 1899-1900 च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा प्रदेश होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे आयोगाच्या विचारमंथनातून, अवर्षणग्रस्त पट्ट्याला घाटमाथ्यावरच्या पावसाचे पाणी साठवून पुरवावे, या धोरणाला बळ मिळाले. त्या धोरणाचे एक फळ म्हणजे नांदगाव बुद्रुक येथील दारणा धरण. ते 1916 साली पुरे झाले, आणि त्यामागच्या जलाशयाला 'लेक बील' असे साहेबी नाव मिळाले. लोकांनी मात्र धरणाला नदीच्याच नावाने ओळखले. 7,149 दशलक्ष घनफूट पाणी साठविणारा हा जलाशय घोटीच्या शिवारापर्यंत आपली बोटे पसरतो. इथून सुटलेले पाणी दारणेच्या पात्राने गोदावरीत जाते, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याशी अडते, आणि तिथून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव या तालुक्यांना पोहोचते. कोपरगावच्या माळरानावर ऊस उभा राहिला आणि 1939 साली गोदावरी शुगर मिल्स निघाली, ती या कालव्यांच्या भरवशावर. त्या बंधाऱ्यामागच्या दलदलीत पुढे पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची गणना झाली.

सायकल कडेला लावून या जलाशयाच्या काठावर उभे राहिले असता जे दृश्य दिसते, ते निःसंशय रमणीय आहे. पण पाणी ओसरलेल्या दिवसांत काठाच्या चिखलातून खाचरांचे जुने बांध वर येतात, ते पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. हातभर उंचीचे, दगडमातीचे, एकाखाली एक उतरत गेलेले ते बांध कोणी तरी पावसात इरले पांघरून, गुडघाभर चिखलात उभे राहून, भाताच्या आवणीसाठी घातलेले होते. महादेव कोळी, ठाकूर आणि कुणबी कुटुंबांची ही जमीन. खालच्या तालुक्यांत बागायत पिकावी म्हणून या शिवारांनी आपली उत्तम भातजमीन पाण्याखाली दिली, आणि पुढच्या काळात वैतरणा, मुकणे, भावली, भाम अशी धरणांमागून धरणे होत गेली. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत ज्याची गणना होते, त्या इगतपुरी तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन दूरवर चालावे लागते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर समन्यायी पाणीवाटपाची जी चर्चा होते, ती बहुधा नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यातील हक्कांची असते. उगमाजवळच्या पाड्यांचा हक्क तिच्यात फार क्षीण स्वरात ऐकू येतो, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सायकलीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे वाहन मुंबई इलाख्यात साहेबलोक, पारशी आणि सुखवस्तू वकील-डॉक्टर यांच्या मिरवण्याची वस्तू म्हणून आले. त्याच सुमारास फॅनी बुलॉक वर्कमन ही अमेरिकन बाई आपल्या पतीसह सायकलीवरून हिंदुस्थानभर हिंडली, आणि 1904 साली त्या दोघांनी त्या प्रवासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेसाठी सायकलीवरून निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती प्रदक्षिणा पूर्ण केली व 1928 साली ते परतले. ही सर्व कीर्ती शहरांची. घोटीसारख्या गावाला सायकल खऱ्या अर्थाने परवडू लागली ती स्वातंत्र्यानंतर, जेव्हा विलायती रॅले व हंबर यांच्या जोडीला आसनसोल, मद्रास, सोनिपत आणि लुधियाना येथे स्वदेशी कारखाने निघाले.

मग मात्र तिने खेड्याच्या जीवनात जे स्थान मिळविले, ते दुसऱ्या कोणत्याही यंत्राला मिळालेले नाही. शाळामास्तर, टपालवाला, ग्रामसेवक यांचे ते सरकारी कामाचे वाहन झाले. दूधवाल्याच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन लटकू लागले. लग्नाच्या बोलणीत घड्याळ आणि रेडिओ यांच्याबरोबर सायकलीचेही नाव निघू लागले. भाताचे पोते नळीवर आडवे टाकून, एका हाताने मूठ व दुसऱ्याने पोते सावरीत, सायकल हातात धरून गिरणीकडे चालणारा शेतकरी तिच्यावर बसत फारसा नसे, पण तिच्यावाचून त्याचे चालत नसे. उंची पुरत नसलेली मुले नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला तिरके टाकून ती चालवावयास शिकत, आणि त्यात गुडघे फुटणे हे कोणी मनावर घेत नसे.

या वाहनामागे बाजारपेठेत एक स्वतंत्र धंदा उभा राहिला, तो सायकलमार्टाचा. तासाच्या बोलीने सायकल भाड्याने देणे आणि पंक्चर काढणे ही त्याची दोन अंगे. दुकानासमोर पाण्याने भरलेली लोखंडी घमेली असे. कारागीर दोन पान्यांनी टायर रिमवरून उचकटून ट्यूब बाहेर काढी, तिच्यात पंपाने हवा भरून ती पाण्यात वीत-वीत दाबीत नेई, आणि जिथे बुडबुड्यांची बारीक माळ उठे तिथे बोट ठेवून तो कॉपिंग पेन्सिलीने खूण करी. मग ती जागा कोरडी करून कानशीने घासणे, सोल्युशन लावून ते किंचित सुकू देणे, जुन्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा चिकटवून त्यावर हातोडीचे हलके ठोके देणे, आणि अखेरीस टायरच्या आतून चारी बाजूंनी बोटे फिरवून काटा अथवा खिळा तसाच राहिला नाही ना हे पाहणे. या शेवटच्या तपासणीवरून चांगला कारागीर ओळखला जाई. भाड्याच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, गाव, सायकलीचा क्रमांक, नेल्याची वेळ व परत आणल्याची वेळ अशी नोंद असे; आणि पालिकांच्या हद्दीत सायकलीवर कर बसून त्याचा पितळी बिल्ला हँडलला लावावा लागे, त्यामुळे शहरात जाणाऱ्या खेडुताला बिल्ल्याची धास्ती असे.

मोपेडी आणि मोटारसायकली आल्यावर हा धंदा ओसरला. पुढे सायकल परतली ती व्यायामाचे व हौसेचे साधन होऊन, आणि नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिकेची आडवी वाट कापणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा जोडीने पूर्ण केल्यावर तर नाशिकच्या तरुणांत या छंदाला मोठीच चालना मिळाली. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि याच तालुक्याच्या डोंगरांतून, सुमारे 8 किलोमीटरांच्या बोगद्याने, वाहने वाऱ्याच्या वेगाने जाऊ लागली. त्या रस्त्यावर सायकलीला प्रवेश नाही. त्यामुळे खोऱ्यातले जुने रस्ते हेच सायकलस्वाराचे आणि पायी चालणाऱ्या पाडेकरी माणसाचे उरले आहेत. त्यांच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून, दाबून, नीट राखल्या तर दोघांचीही सोय होईल, आणि हे काम सार्वजनिक बांधकाम खात्याला मुळीच जड नाही.

घोटी, अस्वली, भगूर या गावांत ज्यांच्या वडिलांनी-आजोबांनी सायकलमार्ट चालविले, त्यांच्या माळ्यावर अजून भाड्याच्या वह्या, पितळी बिल्ले, जुनी बिले पडलेली असणे संभवते. कोण कुठून आले, किती वेळासाठी सायकल घेऊन गेले, हे सांगणारे याहून विश्वसनीय दप्तर या खोऱ्यात दुसरे नाही. अशा घरांना माझी विनंती आहे की त्या वह्या रद्दीत घालू नयेत. गावच्या वाचनालयाकडे अथवा शाळेकडे त्या जपून सोपवाव्यात.