जुन्नरचा कागद आणि अँडीजचा बटाटा

आमचे एक स्नेही गेल्या वर्षीं पेरू देशाचा प्रवास करून आले. अँडीज पर्वतांतील कुस्को नगरीचे प्राचीन दगडी तट, तेथील नाना रंगांचे बटाटे आणि हातानें सूत कांतून विणणाऱ्या स्त्रिया यांचें वर्णन त्यांच्या तोंडून ऐकतां ऐकतां आम्हांस वाटलें कीं, हीं तिन्ही कौतुकें आपल्या सह्याद्रींत कितपत सांपडतात, तें एकदां पाहावें. म्हणून आम्हीं मुक्कामास आळेफाटा निवडला. पुणें-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगराकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस छेदतात. आळें गांव ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीमुळें वारकऱ्यांस ठाऊक आहे. फाट्याची ओळख मात्र मोटारी आणि खाणावळी यांचीच.

शिवनेरी व लेण्याद्रि यांविषयीं वाचकांस आम्हीं नवें काय सांगावें? नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचे आंकडे त्यांत कोरले आहेत. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा, अशी समजूत आहे. पण आमचें चित्त अधिक वेधलें तें जुन्नरच्या लेण्यांतील लहान दानलेखांनीं. त्यांत यवन दाते आहेत, तसेच धान्याचे व्यापारी, वेळूकाम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणीही आहेत. धर्मादायाचा पैसा या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवीत. कारागिराच्या शब्दाला जेथें पेढीची पत होती, असें हें नगर!

याच जुन्नरांत पुढें मुसलमान कागदी नांदले. जुन्या गोणपाटाचे तुकडे चुन्याच्या पाण्यांत भिजवावे, कुटावे, नदींत धुवावे; तो लगदा हौदांत कालवून गवती काड्यांच्या चाळणीवर उचलावा; ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवावा, खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटावा. पेशवाईच्या कागदपत्रांत जुन्नरी कागदाचें नांव येतें. मराठ्यांचा इतिहास लिहूं पाहणारा प्रत्येक जण असल्या हातकागदावर हात ठेवूनच बसतो. गिरणीचा स्वस्त कागद आला, कचेऱ्यांनीं व पेढ्यांनीं तोच घेतला, आणि कागद्यांच्या हौदांचें पाणी आटलें. १९४० सालीं पुण्यांत हातकागद संस्था निघाली खरी. परंतु जुन्नरास त्या धंद्याची पूर्वींची चलती कांहीं परत आली नाहीं. अँडीजच्या इंका राज्यकर्त्यांपाशीं तर कागदच नव्हता. ते दोऱ्यांच्या गांठींत हिशेब ठेवीत. १५३२ सालीं स्पॅनिश लोक उतरले आणि पुढें त्या गांठी वाचणारे नाहींसे झाले. आमच्याकडे अक्षरें वाचणारे आहेत, तीं ज्यावर उमटलीं तो कागद करणारे गेले.

भोजनाविषयीं मात्र तक्रार नाहीं. फाट्यावर आम्हीं मासवडी खाल्ली. नांवांत मासा असला तरी पदार्थ शुद्ध शाकाहारी. शिजवलेलें बेसन ओल्या फडक्यावर थापून त्यांत तीळ, सुकें खोबरें, लसूण, कोथिंबीर व मिरची यांचें सारण भरतात, माशासारखा आकार देऊन वड्या कापतात, आणि झणझणीत रस्सा व बाजरीची भाकरी यांसह वाढतात. या थाळींतील मिरची अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर आलेली. बटाटा तर अस्सल अँडीजचा. टिटिकाका सरोवराच्या आसपास हजारों वर्षांपूर्वीं तो लागवडीस आला. आज आंबेगांवच्या सातगांव पठारावर पावसाळ्यांत त्याचीं शेतें पसरलेलीं दिसतात. नारायणगांवच्या बाजारांत ज्या टोमॅटोचे ढीग लागतात, त्याचे रानटी भाईबंदही अँडीजच्या उतारावरचेच.

या पाहुण्यांचें आम्हीं किती लाड केले! भुईमूगही तिकडचाच, पण एकादशीस आमच्या सोंवळ्यांतील आजीबाईंना गहूं चालत नाहीं, बटाटा व शेंगदाणे चालतात. जमिनीला पीक मानवलें, पोट भरलें, मग कुळगोत्र कोणी विचारलें नाहीं. कागदाला गिऱ्हाईक होतें तें दरबाराचें आणि पेढीचें. तें तुटल्यावर स्वयंपाकघरानें त्याला आसरा द्यावा तरी कसा?

परततांना खाणावळीवाल्यानें आग्रहानें चार मासवड्या वर्तमानपत्राच्या कागदांत बांधून दिल्या. पुण्यास पोंचेपर्यंत तेल उतरून तो कागद फाटला होता.