जॅझ, डफडे आणि मोलगीचा ढोल

माझा आजा डफडे वाजवीत असे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लग्न निघो की मयत, वाजवण्याचे काम आमच्या घराकडे होते. मोबदला म्हणजे उरलेसुरले अन्न आणि सुगीत सूपभर जोंधळा. 'येत नाही' म्हणण्याची सोय नव्हती. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आज्याने ते डफडे चुलीत घातले. पुढे घरात कोणी ताटावर बोटे वाजवली तरी वडील डोळे वटारीत. मी या घरातला पहिला पदवीधर. वाद्य म्हणजे लाज, हा धडा मी बाराखडीच्या आधी शिकलो.

इतिहास शिकवण्याच्या नोकरीने मला मोलगीला आणले. सातपुड्याच्या डोंगरातले, अक्कलकुवा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पहिल्याच वर्षी विद्यार्थी मला होळीला घेऊन गेले. अंगावर ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या फेर धरीत होते आणि मोठमोठे ढोल पहाटेपर्यंत वाजत होते. ढोल वाजवणाऱ्याला इथे कोणी दूर उभे केले नव्हते. तो मधोमध होता. कडेला उभा होतो तो मी. आदिवासींच्या वाट्याला शोषण कमी आले असे मुळीच नाही. जंगल गेले, जमीन गेली, सावकार आला. पण हा ढोल त्यांच्या गळ्यात दुसऱ्या कोणी अडकवलेला नव्हता. हा फरक त्या रात्री मला दिसला, समजला मात्र नाही. तो समजला अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या संगीताचा इतिहास वाचताना.

आपल्या चळवळीला काळ्यांचा लढा परका नाही. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले. आपण काळ्यांच्या कविता वाचल्या, आत्मकथा वाचल्या. त्यांचे जॅझ मात्र हॉटेलातले, साहेबांचे संगीत समजून बाजूला ठेवले. ही आपली चूक झाली, असे माझे मत आहे.

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठच्या गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत, वाटेतली माणसे गोळा करीत ते निघाले. बंड चिरडले गेले आणि १७४० च्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. मालकाला ढोलाची भीती वाटली, हे लक्षात घेतले पाहिजे. न्यू ऑर्लिन्स शहरात मात्र काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात रविवारी गुलाम जमत, नाचत, वाजवीत. १८१७ साली नगरपालिकेने त्यांच्या जमण्यावर एक वार आणि एक जागा असे बंधन घातले, तरी ते जमतच राहिले. सहा दिवस हात मालकाचे, सातव्या दिवशी स्वतःचे. याच शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ आकाराला आले.

जॅझमध्ये एक धून सर्वांना ठाऊक असते. ती धरून प्रत्येक वादक आपली पाळी आली की जागच्या जागी नवे काही रचतो, आणि बाकीचे त्याला साथ देतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना फक्त हुकूम ऐकावा लागला, त्यांनी असे संगीत घडवावे की ज्यात प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पण निर्मिती एकाची आणि नाव दुसऱ्याचे हा न्याय तिथेही चुकला नाही. १९१७ साली जॅझची पहिली तबकडी निघाली ती पाच गोऱ्या वादकांची. जॅझ आपणच निर्माण केले, असा दावा त्यांचा म्होरक्या पुढे करीत राहिला. काळ्या किंग ऑलिव्हरच्या वादकवृंदाच्या तबकड्या १९२३ साली निघाल्या. त्यात लुई आर्मस्ट्राँग हा तरुण कॉर्नेट वाजवीत होता. १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या दरिद्री वस्तीत जन्मलेला हा मुलगा सुधारगृहाच्या बँडमध्ये शिकून वर आला होता. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात तर ड्यूक एलिंग्टनसारखा थोर रचनाकार १९२७ पासून वाजवीत होता. मंचावर काळे आणि टेबलांवर गोरे, अशी तिथली रचना होती.

हे संगीत मुंबईला आले तेही अशाच दिवाणखान्यात. १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा व्हायोलिनवादक आपला वृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. याच वर्षी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. एकाच वर्षातल्या या दोन घटनांनी एकमेकींना पाहिले नाही. ताजमध्ये नाचणाऱ्यांत साहेब होते, संस्थानिक होते. कामाठीपुऱ्यातला किंवा नायगावातला आपला माणूस तिथे असण्याचे कारणच नव्हते.

हे संगीत उचलले ते गोव्याहून आलेल्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही पोरे पोटासाठी मुंबईत आली होती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. दारूबंदी आली, हॉटेलांतले काम आटले, तेव्हा हे वादक सिनेमाकडे अधिकच वळले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. गाणी देशभर झाली, पण हात कोणाचे हे फारच थोड्यांना कळले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शिष्याने १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यात घातले. ते नाव प्रत्येकाच्या तोंडी झाले, पण ते खऱ्या माणसाचे आहे हे कोणाला ठाऊक होते?

एवढे सगळे मी वाचले, वर्गात शिकवले. आणि तरी गेल्या वर्षी जे घडले ते सांगितले पाहिजे. महाविद्यालयात एक पाहुणे यायचे होते. स्वागताला ढोल हवा असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. होळीत ढोल वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला मी बोलावले. तो म्हणाला, "सर, ढोल आम्ही होळीला वाजवतो. पाहुण्यासाठी नाही वाजवणार." मी रागावलो. त्याला हजेरीची आठवण करून दिली. तो मान खाली घालून उभा राहिला, पण हो म्हणाला नाही.

त्याच सुमारास मी आर्मस्ट्राँगविषयी पुढे वाचत होतो. १९५७ साली लिटल रॉक गावी नऊ काळ्या मुलांना शाळेत जाण्यापासून अडवले गेले. अमेरिकन सरकार तेव्हा आर्मस्ट्राँगला देशाचा प्रतिनिधी म्हणून रशियाला पाठवणार होते. गोऱ्यांसमोर हसून वाजवतो म्हणून ज्याला आपल्याच लोकांकडून टोमणे ऐकावे लागले, त्या आर्मस्ट्राँगने जाण्यास जाहीर नकार दिला. वाचता वाचता मी थांबलो. गावच्या पाटलाने आज्याला ज्या आवाजात बोलावले असेल, त्याच आवाजात मी त्या मुलाला बोलावले होते. धान्याऐवजी माझ्या हाती हजेरी होती, एवढाच फरक. त्याची हजेरी मी कापली नाही. पण माझे चुकले हे त्याला सांगायला मला दोन आठवडे लागले.

कलंक कातड्यात नसतो, सक्तीत असतो. आज्याने जाळली ती सक्ती, आणि ते त्याने योग्यच केले. म्हणून आपले संगीत थांबले नाही. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव झाले, वामनदादांनी आयुष्यभर गाणी लिहिली आणि गायिली. तीच ढोलकी, तोच ताल. फक्त धनी बदलला. ज्याला नाही म्हणता येते त्याचेच वाजवणे कला होते. काळ्यांच्या जॅझने मला हे शिकवले, आणि मोलगीच्या एका पोराने ते पुरते शिकवले.

पण या नकाराची किंमतही मोजली पाहिजे. काळ्यांच्या वादनाच्या तबकड्या निघाल्या, म्हणून शंभर वर्षांनी मी ते मोलगीत बसून ऐकतो. आपल्या वाजवणाऱ्यांचे काय? त्यांची नावे, त्यांचे ठेके आपणच लाजेपोटी पुसून टाकले. घराघरांत कोणी म्हातारे उरले असेल तर त्याच्याकडून ते लिहून घ्या, आजच घ्या. लग्नाला कोणता ठेका, मयतीला कोणता, एवढे तरी. माझा आजा कसा वाजवीत असे, हे सांगणारे आता कोणीच उरलेले नाही.