मनोरुग्णांची मोजदाद

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात आणि बहुतेक संस्थानांत एकाच वेळी खानेसुमारी झाली. घरोघर फिरणाऱ्या गणकाच्या कोष्टकात वय, धर्म, धंदा यांच्या जोडीला व्यंगांचाही रकाना होता. घरात कोणी आंधळे, मुके-बहिरे, महारोगी अथवा वेडे आहे काय, असा प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारावयाचा आणि तो सांगेल ते लिहून घ्यावयाचे. या रकान्याची बेरीज होऊन साऱ्या देशात सुमारे ८१ हजार वेडे असल्याचे जाहीर झाले. १९०१ साली तीच बेरीज सुमारे ६६ हजारांवर उतरली आणि १९३१ साली १ लाख २० हजारांवर चढली.

वीस वर्षांत देश शहाणा झाला आणि पुढील तीस वर्षांत वेडा झाला, असे या आकड्यांवरून कोणी म्हणू लागल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही, कारण आकड्यांची भाषा तशीच आहे. परंतु १८९६ ते १९०० या काळातील दोन मोठे दुष्काळ ज्यांनी वाचले आहेत त्यांस ठाऊक आहे की, अन्न संपले म्हणजे घरातील जो स्वतःसाठी मागू शकत नाही तो आधी जातो. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, बहुधा गावातल्याच, कारकुनाला आपल्या घरी वेडी सून आहे असे कोणता सासरा सांगेल? प्रत्येक खानेसुमारीत वेड्या पुरुषांपेक्षा वेड्या स्त्रिया कमी निघत. त्या कमी होत्या यापेक्षा त्या आतल्या खोलीत होत्या, असे मानणेच आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. हा रकाना भरवशाचा नाही हे खुद्द सरकारी अंमलदारांसही कळून चुकले होते. १९४१ च्या खानेसुमारीतून तो गळाला.

घरातल्यांची मोजणी अशी फसत असता इस्पितळातल्यांची मात्र काटेकोर चाले. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांस रीतसर रूप आले. त्यानंतर प्रांतोप्रांतीचे वार्षिक अहवाल निघू लागले. किती दाखल, किती बरे होऊन गेले, किती मेले, माणशी किती खर्च आला, असे रकाने त्यांत असत. त्यांतच एक रकाना वेडाच्या कारणाचा होता आणि त्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. कित्येक इस्पितळांच्या अहवालांत या रकान्यात 'गांजा' हे कारण वारंवार दिसे. त्यावरून गांजाने माणूस वेडा होतो हा समज इतका पक्का झाला की, विलायतेतील पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि १८९३ साली सरकारने गांजाभांगेच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. कमिशनने केवळ अहवालांवर विसंबून न राहता १८९२ साली दाखल झालेल्यांची एकेक नोंद उलगडली. गांजाच्या नावावर २२२ रोगी टाकलेले होते. चौकशीअंती ज्यांच्या बाबतीत गांजाचा काही संबंध सयुक्तिक म्हणता येईल असे ९८ उरले, आणि त्यांतही काहींच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती.

बाकीच्यांचे काय? बहुतेक रोगी पोलीस आणीत. बरोबरच्या कागदावर कारण लिहिलेच पाहिजे असा दंडक असे, रोग्याचे नातलग सोबत नसत, आणि गांजा ओढणारा माणूस म्हटला की शिपायाचे व कारकुनाचे काम सोपे होई. तोच शब्द पुढे इस्पितळाच्या वहीत, वहीतून प्रांताच्या अहवालात आणि अहवालातून पार्लमेंटापर्यंत गेला. या कमिशनने दारावरच्या कारकुनाच्या लेखणीपर्यंत मागे जाण्याची जी चिकाटी दाखविली, ती नंतरच्या शंभर वर्षांत फार थोड्यांनी दाखविली.

इस्पितळाची वही, ती खरी असली तरी, आत आलेल्यांचीच हकीकत सांगते. न आलेल्यांचा प्रश्न अखिल देशाच्या पातळीवर स्पष्टपणे मांडला तो भोर समितीने, १९४६ साली. समितीने हिशेब असा केला : दर हजारी दोन रोगी एवढेच धरले तरी निदान आठ लाखांची सोय हवी, आणि देशभरातील खाटा आहेत दहा हजारांहून थोड्या अधिक. म्हणजे सुमारे चाळीस हजार लोकांमागे एक खाट. त्या वेळी इंग्लंडात तीनशे लोकांमागे एक खाट होती. समितीसाठी रांचीच्या इस्पितळाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालये पाहिली. त्यांतील बहुतेकांत उपचारापेक्षा कोंडून ठेवण्याचीच व्यवस्था असल्याचे त्यांनी नोंदविले. दर हजारी दोन हा आकडाही अंदाजच होता, हे मात्र विसरता कामा नये.

अंदाज टाकून प्रत्यक्ष घरी जाऊन विचारण्यास आणखी सत्तर वर्षे लागली. मधल्या काळात १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून जिल्हावार योजना सुरू झाली. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे सर्वेक्षण केले, त्यात सुमारे ३४,८०० प्रौढांशी शास्त्रशुद्ध प्रश्नावलीने बोलणे झाले. शंभरांत दहाहून अधिक प्रौढांस त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता. तीव्र विकारांचे प्रमाण दर हजारी आठ निघाले. रोग असून उपचार न मिळालेले किती, हा प्रश्न विकारावार विचारला गेला. त्याचे उत्तर शंभरांत सत्तर ते ब्याण्णव असे आले. वेडाच्या झटक्यांसारखा, शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपविता न येणारा विकारसुद्धा चारांपैकी तिघांच्या बाबतीत उपचाराविना राहिला होता. जे उपचार घेत होते त्यांच्या कुटुंबास महिना हजार ते दीड हजार रुपये लागत, आणि त्यांत औषधोपचाराबरोबर प्रवासाचाही वाटा असे.

आता याशेजारी २०११ ची जनगणना ठेवावी. तिच्यात व्यंगांच्या रकान्यात मानसिक आजाराचा स्वतंत्र पर्याय होता. साऱ्या भारतात मिळून त्याची बेरीज ७ लाख २२ हजार भरली, म्हणजे हजारांत एकही नाही. गणक बदलला, राज्य बदलले, परंतु उंबरठा तोच राहिला असे म्हणावे लागते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. त्या बारा राज्यांत गुजरात व मध्य प्रदेश होते, तेव्हा वडोदरा, इंदूर व ग्वाल्हेर येथील मराठी मंडळींच्या राज्यांविषयी आपणांस काही ठाऊक झाले. मध्य प्रदेशात मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण लाखामागे ०.०५, म्हणजे वीस लाखांमागे एक, इतके अल्प निघाले. केरळात ते १.२ होते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि गोवा ही राज्ये मात्र त्या सर्वेक्षणात नव्हती. मनाच्या व्यापारांचा शोध घेत कांदोळीचा आबे फारिया पॅरिसपर्यंत गेला आणि सूचनेने निद्रा आणण्याविषयीचा त्याचा ग्रंथ १८१९ साली निघाला. त्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे आणि पोर्तुगीज अमदानीत तेथील मनोरुग्णालयास त्याचेच नाव होते. तेच इस्पितळ आज बांबोळीस मोठी संस्था होऊन बसले आहे. तिच्या वहीत जे येतात ते नोंदले जातात. पेडण्यात वा काणकोणात जो घरी राहिला, त्याची गणती या राष्ट्रीय सर्वेक्षणाने केली नाही.

बेळगावकडील स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. तेथील रोगी धारवाडच्या जुन्या मनोरुग्णालयात जातो, कोणी मिरज-सांगलीच्या डॉक्टरांकडे जातो, तर कोणी घाट उतरून गोव्यात येतो. तो ज्या दारी जातो तेथील वहीत चढतो. त्यामुळे तिन्ही राज्यांच्या हिशेबात त्याच्या गावचा आकडा शोधू गेल्यास तो एकत्र कोठेच सापडत नाही.