नोकरीचा अर्ज

नोकरीचा अर्ज हा रिक्त पदासाठी उमेदवाराने नियोक्त्यास लिहिलेल्या औपचारिक पत्राचा प्रकार आहे. तो सामान्यतः स्वपरिचयपत्रासोबत, म्हणजेच बायोडेटासोबत पाठवला जातो. स्वपरिचयपत्रात शिक्षण व अनुभव यांची क्रमवार नोंद असते. त्या नोंदींचा जाहिरातीतील पदाशी असलेला संबंध अर्जात स्पष्ट केला जातो.

इतिहास

'अर्ज' हा शब्द मूळ अरबी असून फारसीमार्गे मराठीत आला. जुन्या मराठी पत्रांचा आदरदर्शक मायना प्राप्तकर्त्याच्या दर्जानुसार बदलत असे. आजच्या अर्जात 'महोदय' हे संबोधन पुरेसे मानले जाते. लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४८२ मध्ये मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी तयार केलेले पत्र हे या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. युद्धकाळातील गरज ओळखून त्यात पूल व तोफा बांधण्याचे कौशल्य आधी, तर चित्रकला शेवटी नमूद केली आहे.

कोकणातील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. या भागातील अनेक चाकरमानी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करीत. तेथील भरतीत जॉबरचा शब्द आणि गाववाले व नातलग यांची ओळख महत्त्वाची असे. जेथे अशी ओळख नसते, तेथे उमेदवाराची बाजू अर्जालाच मांडावी लागते.

मालवण, तारकर्ली व देवबाग परिसरात पर्यटन वाढल्याने जलक्रीडा आणि निवास-न्याहारी व्यवसायांत रोजगार निर्माण झाला. मच्छीमार कुटुंबातील तरुणास असलेली वारा, भरती-ओहोटी व खडकांची जाण कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. ती अर्जातच नेमकेपणाने मांडता येते.

रचना

* दिनांक, अर्जदाराचा पत्ता व संपर्क
* 'प्रति' खाली अधिकाऱ्याचे पदनाम व संस्थेचा पत्ता
* विषय, तसेच संदर्भ म्हणून जाहिरातीचा दिनांक
* संबोधन व मुख्य मजकूर
* समारोप, स्वाक्षरी आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी

आशय

मुख्य मजकुराचे तीन परिच्छेद पुरेसे असतात. पहिल्यात पदाचा उल्लेख, दुसऱ्यात पात्रतेचा पुरावा आणि तिसऱ्यात मुलाखतीची विनंती व रुजू होण्याची तयारी नमूद करावी. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असल्याने हंगामी कामाच्या अर्जात उपलब्धतेचा कालावधी लिहिणे उपयुक्त ठरते.

'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे विधान कोणीही करू शकतो. 'मी चार हंगाम देवबाग येथे पर्यटकांची होडी चालवली असून रोज फेरीपूर्वी जीवरक्षक जॅकेटांची तपासणी माझ्याकडे होती' या विधानाची मात्र खातरजमा करता येते. अनुभव घरच्या व्यवसायातील असल्यास तसे स्पष्ट लिहावे. नसलेला अनुभव लिहू नये. घरची हलाखी हा पात्रतेचा पुरावा ठरत नाही.

एकच मजकूर सर्वत्र पाठवणे, संस्थेचे नाव चुकणे व शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करणे हे सामान्य दोष होत. शासकीय भरतीत बहुधा विहित नमुन्यातच अर्ज करावा लागतो. तेथे स्वतंत्र पत्रापेक्षा जाहिरातीतील सूचनांचे पालन महत्त्वाचे असते.