निराशेच्या काठावर श्रद्धा : पंडिता रमाबाई यांच्या जीवनकार्यातील ख्रिस्ती आशेचे ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या इतिहासात दुष्काळ ही अपवादात्मक घटना नाही. सीना नदीच्या खोऱ्यातील परंडा तालुका व एकूणच धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भातही या जिल्ह्याचा उल्लेख वारंवार करावा लागला आहे. या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने कर्ज, पाणी, पीक व बाजारभाव या अंगांनी होते आणि ती तशी होणे आवश्यकच आहे. तथापि जगण्याची उमेद संपणे व ती पुन्हा निर्माण होणे या प्रक्रियेलाही स्वतःचा इतिहास असतो. त्या दृष्टीने पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन अभ्यासनीय ठरते. परंड्याचे लोक ज्या कुर्डुवाडी स्थानकावरून पुण्या-मुंबईकडे जातात, त्याच लोहमार्गावर दौंडच्या पुढे केडगाव आहे. रमाबाईंचे 'मुक्ती मिशन' तेथेच उभे राहिले.

निबंधाची उद्दिष्टे :

१) रमाबाईंच्या कुटुंबाने अनुभवलेल्या आत्यंतिक निराशेची कारणे शोधणे.
२) ख्रिस्ती श्रद्धा व आशा यांचा त्यांच्या जीवनातील परस्परसंबंध तपासणे.
३) त्या आशेला प्राप्त झालेल्या संस्थात्मक रूपाचे मूल्यमापन करणे.

दुष्काळ आणि मरणाचा निर्णय :

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना सनातनी समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन करीत दक्षिण भारतात फिरत राहिले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांच्याजवळचे सर्व काही संपले. रमाबाईंनी १८९७ मध्ये लिहिलेल्या दुष्काळानुभवांनुसार आप्तजनांत दारिद्र्याची नामुष्की पत्करण्यापेक्षा अरण्यात जाऊन मरण स्वीकारावे असे कुटुंबाने ठरविले. पाणी, झाडपाला व मूठभर रानखजुरावर त्यांनी अकरा दिवस काढले. अखेरीस वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीचा निश्चय करून मुलांचा निरोप घेतला.

हा निश्चय मोडला तो थोरले बंधू श्रीनिवास यांच्या एका निर्णयामुळे. जातीचा अभिमान सोडून आपण मोलमजुरी करू व आईवडिलांना पोसू, असे त्यांनी सांगितले. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. या कुटुंबाला मरणाकडे नेणारी गोष्ट केवळ भूक नव्हती. श्रम करण्याची व मागण्याची लाज ही भुकेइतकीच प्रभावी होती. ती लाज दूर होताच जगण्याची वाट दिसू लागली. अर्थात तोपर्यंत बराच उशीर झाला होता. अरण्यातून बाहेर पडल्यावर वडील वारले आणि पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेसे लोक मिळाले नाहीत. उंची कमी असल्यामुळे रमाबाईंनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

ही हकिकत रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी लिहिली, हे अभ्यासकाने विसरू नये. आपल्या वाचण्यामागे त्यांना ईश्वराची योजना दिसली. हा अर्थ त्यांना नंतर उमगलेला आहे. मूळ प्रसंगी मात्र ते कुटुंब हिंदू श्रद्धेतच होते. घटना आणि तिचा उत्तरकालीन अन्वयार्थ यांतील हा भेद मान्य केल्याने त्यांच्या साक्षीचे मोल उणावत नाही.

धर्मांतर, संघर्ष व अंतःशांती :

१८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या दोन घटना इतक्या जवळ आहेत की धर्मांतर म्हणजे निराशेवरील तत्काळ उतारा, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. परक्या देशात, परक्या धर्माच्या छायेत एकाकी पडलेल्या स्त्रीचा अंत त्याच घराने पाहिला होता. खुद्द रमाबाईंनाही बाप्तिस्म्याने लगेच समाधान मिळाले नाही. चर्चच्या अधिकाराविषयी त्यांचे मतभेद होत राहिले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी नमूद केले आहे की, धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी त्यांची प्रारंभीची अवस्था होती. अंतःशांतीचा अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. म्हणजेच त्यांची आशा ही प्रदीर्घ शोधाचे फलित होती.

आशेचे संस्थात्मक रूप :

'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या ग्रंथात रमाबाईंनी विधवांची कोंडी जगासमोर मांडली. जीव देणे किंवा बदनामीचे जिणे पत्करणे एवढेच पर्याय अनेकींपुढे उरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. तिसरा पर्याय म्हणून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. बालविधवा गोदूबाई येथे शिकल्या व १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांनी धर्मांतर केले नाही, तरीही सदनाने दिलेले नवजीवन त्यांच्या वाट्याला आले. त्याच वर्षी मात्र धर्मप्रसाराच्या आरोपावरून न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रय आणि धर्मप्रसार यांतील सीमारेषेचा तो वाद अकारण नव्हता, हे निःपक्षपणे नोंदविले पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील उपासमार पाहून त्यांना स्वतःचे अरण्यातील दिवस आठवले. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आणून केडगावी आसरा दिला. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. प्रार्थना हा तेथील दिनक्रमाचा कणा होता. तितकेच स्थान शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना व शिक्षण यांना होते. अंधांसाठी ब्रेलचे शिक्षणही तेथे दिले जाई. एकेकाळी ज्या श्रमाची लाज मरणाकडे नेत होती, तोच श्रम येथे उपासनेइतका प्रतिष्ठित झाला. मनोरमाबाईंनी निजाम राज्यातील गुलबर्गा येथे शाळा काढून हे कार्य पुढे नेले. परंडाही तेव्हा त्याच राज्यात होते.

योगायोगाने १८९७ मध्येच फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाईम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. धर्म माणसाला वाचवितो तो केवळ सिद्धांतांनी नव्हे, तर सामूहिक जीवनात बांधून घेतल्याने, असे त्यांचे मत होते. केडगावचा अनुभव याला दुजोरा देतो. परंतु रमाबाईंच्या दृष्टीने ते सामूहिक जीवन श्रद्धेतूनच उगवले होते, हेही तितकेच खरे आहे.

निष्कर्ष :

रमाबाईंच्या जीवनात ख्रिस्ती श्रद्धेने दुःख नाहीसे केले नाही. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. त्याही स्थितीत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही व ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. स्वतःच्या निराशेच्या स्मृतीला इतरांच्या आश्रयात रूपांतरित करणे हे या श्रद्धेचे खरे कार्य होय. ज्याने जीव देण्याचा विचार केला त्याला उपदेशाच्या आधी अन्न, काम आणि आपले म्हणणारे माणूस लागते, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. दुष्काळी प्रदेशात कर्ज थकल्याची नामुष्की आजही माणसाला एकटे पाडते. तिथे मंदिर, मशीद, चर्च, विहार किंवा महाविद्यालय यांपैकी कोणतीही संस्था त्या माणसाची लाज वाटून घेऊ शकली, तर अरण्यात श्रीनिवासांनी घेतलेला निर्णय पुन्हा घेतला जाऊ शकतो. केडगावच्या इतिहासाचे आजचे महत्त्व यातच आहे.