घरचे चित्रदप्तर

पेशवे दप्तरातील कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना एक अडचण चांगली परिचयाची आहे. पत्र कोणी लिहिले व कोणास लिहिले हे मायन्यावरून उमगते. चंद्र आणि महिनाही पुष्कळदा दिलेला असतो. पण वर्षाचा पत्ता नसतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० पासून या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. अशा कामात मजकुरातील प्रसंग ताडून पाहून पत्राचे वर्ष ठरविणे हा श्रमाचा मोठाच भाग असतो. आज घरोघरच्या संगणकात छायाचित्रांचे जे दप्तर साचत आहे, त्याची अडचण नेमकी याच्या उलट आहे. तेथे वर्ष, महिना, दिवस, एवढेच काय, सेकंदही नोंदलेला असतो. नाव मात्र कोणाचेच नसते.

ही उलथापालथ कशी घडली, हे पाहण्यासारखे आहे. काचेच्या व फिल्मच्या काळात चित्र महाग होते आणि म्हणून त्याची निगाही राखली जाई. इंदुरास बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना छायाचित्रणाकडे वळलेले व पुढे हैदराबादच्या निजामाच्या दरबारी मान्यता पावलेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या अनेक चित्रांवर क्रमांक आणि स्थळाचे नाव उमटलेले आढळते. घरगुती फिल्मच्या एका गुंडाळीत बहुधा ३६ चित्रे मावत. ती धुऊन आली की घरातील कोणी जाणते माणूस पाठीवर पेन्सिलीने नावे लिही आणि मग ती आल्बमच्या काळ्या पानांवर चिकटविली जात. संग्रह लहान असे, पण बोलका असे.

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा जुळविला. १०० बाय १०० बिंदूंचे एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९९२ मध्ये जेपेग ही चित्र आटोपशीर करण्याची पद्धती प्रमाण ठरली आणि चित्रे साठविणे स्वस्त झाले. १९९५ मध्ये जपानी उद्योगसंस्थेने एक्झिफ नावाचा संकेत ठरविला. त्यायोगे चित्र घेतल्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जात चित्राच्या फाईलमध्येच आपोआप लिहिली जाऊ लागली. १९९८ च्या दुसऱ्या एका संकेताने कॅमेऱ्यातील फाईलचे नाव चार अक्षरे व चार अंक असे बांधून दिले. ९९९९ वे चित्र झाले की मोजणी बहुधा पुन्हा ०००१ वर येते. त्यामुळे एकाच नावाची दोन भिन्न चित्रे जन्मास येतात आणि दोन्ही एका फोल्डरमध्ये घालू पाहणारा बेसावध गृहस्थ एकावर दुसरे लिहून पहिले गमावून बसतो.

यंत्राची तारीखही सदैव खरी मानता येत नाही. आमच्या आजीचा म्हार्दोळच्या देवळासमोरील एक जुना फोटो आम्ही २०११ मध्ये स्कॅन केला. संगणकाने स्कॅनचा दिवस हाच चित्राचा दिवस मानला आणि बिचाऱ्या आजीला तिच्या पणतीच्या बारशानंतर नेऊन बसविले! वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे चमत्कार घडले असतीलच.

चित्रे हजारांनी वाढली तेव्हा ती लावून देणारे कारकून, म्हणजे प्रोग्रॅम, बाजारात आले. ॲपलचा आयफोटो आणि पिकासा हे दोन्ही २००२ मधले; पिकासा २००४ मध्ये गूगलने घेतला. २००९ मध्ये दोघांनाही चेहरे ओळखण्याची विद्या अवगत झाली. तथापि त्या विद्येची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. हा चेहरा आणि तो चेहरा एकच, इतके यंत्र सांगते. हा चेहरा कोणाचा, हे प्रथम माणसानेच सांगावे लागते. पुढे आयफोटोची जागा दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतली आणि २०१६ मध्ये गूगलने पिकासाही बंद केला. चित्रे जागच्या जागी राहिली; परंतु कित्येकांनी हौसेने लावलेले आल्बम आणि दिलेली नावे त्या प्रोग्रॅमच्या खासगी वहीत होती. कारकून गेला आणि खतावणी त्याच्याबरोबर गेली.

या इतिहासातून घरच्या दप्तरदाराने घ्यावयाचा बोध साधा आहे. फोल्डरचे नाव वर्ष, महिना व प्रसंग या क्रमाने द्यावे. ‘२०११-०५ बारसे’ असे लिहिले की कोणत्याही संगणकात ते आपोआप कालक्रमाने लागते. माणसांची व स्थळांची नावे प्रोग्रॅमच्या वहीत न ठेवता चित्राच्या फाईलमध्येच लिहावी. वृत्तपत्रसृष्टीसाठी १९९१ मध्ये तयार झालेला आयपीटीसी संकेत आणि २००१ चा एक्सएमपी हे त्याचसाठी आहेत. पाठीवरच्या पेन्सिलीचेच ते नवे रूप होय. आणि पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम पाळावा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर.

हे सारे करण्यास पुढेमागे सवड सापडेल. एका कामाला मात्र उद्या नाही. आजीच्या त्या फोटोत मागील रांगेत तीन स्त्रिया उभ्या आहेत. त्यांची नावे आमच्या आत्याला ठाऊक होती. स्कॅन झाला तेव्हा ती हयात होती. फोटो पाहून हसलीही होती. आम्ही चित्राचा रंग सुधारण्यात दंग होतो; नावे विचारावयाची राहून गेली. आज त्या तिघींचे चेहरे पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात, आणि त्या कोण हे सांगणारे कोणी उरले नाही. पत्राचे हरवलेले वर्ष मजकुरावरून शोधून काढता येते; चेहऱ्याचे हरवलेले नाव कोणत्या मजकुरावरून शोधावे? म्हणून वाचकांना विनंती इतकीच, की संगणक उघडण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांपाशी जुना आल्बम घेऊन बसावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे.